सतरा नंबरचा सांधा

"मास्तर, लग्नाचा सूट शिवताय का? हात चालवा!" फोरमन ओरडला आणि सगळी शेड हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं लोकांचे शर्ट शिवले. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकानात नुसती चेन बदलायची कामं उरली, आणि बावन्नाव्या वर्षी हा गृहस्थ मशीन विकून आमच्या पाईपच्या कारखान्यात वेल्डिंग शिकायला हजर झाला. येताना मापाची टेप तेवढी खिशात होती. पहिल्याच आठवड्यात ती कुणीतरी तापलेल्या पाईपवर ठेवून जाळली. कुणीतरी म्हणजे मीच.

सहा महिने त्यांनी हात भाजून घेतले, डोळे सुजवून घेतले आणि आमची टिंगल मुकाट्याने ऐकून घेतली. पण सांधा असा एकसारखा घालायचे, की बघून माझ्या पोटात दुखायचं. वर माणूस भला. ठिणग्यांनी माझ्या कोटाच्या बाहीची चाळण झाली होती, तर परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी तो रफू करायला स्वतःहून मागून नेला.

परीक्षा साधी होती. पाईपचे दोन तुकडे जोडायचे, सांध्याशेजारी पंचाने, म्हणजे आकड्याच्या पोलादी ठशाने, आपला नंबर ठोकायचा. मग एक्स-रे. आत पोकळी निघाली की खेळ खलास. मास्तरांचं वय बघून त्यांना एकच संधी दिली होती. पास झाले तर नोकरी, नापास झाले तर गेटबाहेर. आम्हा जुन्यांनाही दरवर्षी ही परीक्षा असते. नापास होणाऱ्याच्या हातात ग्राइंडर येतो, आणि त्याने दुसऱ्यांचे सांधे घासत बसायचं.

त्या दिवशी माझा सांधा बिघडला. करतानाच मला कळलं होतं. बारा वर्षांच्या घमेंडीत मी वेल्डिंगचा दमट रॉड न वाळवता तसाच लावला. वरून गोरागोमटा, आत नुसती भोकं.

शेजारच्या टेबलावर मास्तरांचं झालं होतं. त्यांनी ब्रशने सांधा लख्ख केला, पंच काढून ठेवले आणि हात धुवायला गेले. दुकानातली सवय. लेबल सगळ्यात शेवटी, तेही साबणाने हात धुऊन. आमच्यात असले सोपस्कार कुणी करत नाही. नंबर आधी ठोकायचा, मग पाहिजे तर मरायचं.

नळ शेडच्या दुसऱ्या टोकाला. फोरमन पाठमोरा. मी मास्तरांच्या सांध्यावर माझा नऊ ठोकला आणि माझ्या सांध्यावर त्यांचा सतरा. तीन घाव. अर्धं मिनिटही लागलं नाही.

मास्तर हात पुसत आले.

"तुमचा नंबर टाकून दिला, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी सतरा नंबरच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या टेबलावरच्या सांध्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"साहेब," ते फोरमनला म्हणाले, "हा माझा नाही. माझा तो आहे."

फोरमन माझ्याकडे वळला. "काय रे?"

"साहेब, मास्तरांना हेल्मेटच्या काचेतून आधीच कमी दिसतं. आता काचेशिवायही दिसेना."

शेड पुन्हा हसली.

"नंबर किती आहे त्यावर?" फोरमनने विचारलं.

"सतरा. पण माझ्या हातचं काम मी ओळखतो हो."

"अहो, शर्ट ओळखा. लोखंड राहू द्या."

दोन दिवसांनी एक्स-रेची फिल्म आली. फोरमनने ती उजेडात धरली. सतरावर काळ्या ठिपक्यांची रांग, नऊ स्वच्छ. मास्तरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हेल्मेट, हातमोजे, पंच, सगळं मोजून टेबलावर ठेवलं. मग पिशवीतून माझा कोट काढला.

"घालून बघा. बाहीला ओढतोय का?"

मी घातला. त्यांनी नेहमीच्या सवयीने माझे खांदे सारखे केले, मागून कॉलर नीट बसवली.

"सुती दोरा वापरलाय. ठिणगीने वितळत नाही," ते म्हणाले. "घरात सांगून बसलोय हो, आज पक्की नोकरी लागणार म्हणून. बायको वाट बघत असेल." आणि गेले. मी त्या क्षणी बोललो असतो तर त्यांना गेटवरून परत आणता आलं असतं. मी बोललो नाही.

घरी कोट काढला तेव्हा कॉलरच्या आतल्या बाजूला तो दिसला. बारीक, एकसारख्या टाक्यांत घातलेला सतरा. ब्लेडने उसवायला गेलो, तर दोऱ्याबरोबर कापडच निघायला लागलं. सोडून दिलं.

फोरमनने नऊ नंबरचा सांधा कापून शेडच्या भिंतीवर टांगलाय. नवीन माणूस आला की मला बोलावतो. "हा बघा ह्यांचा जॉइंट. असा घालायला शिका."

मग मी तो कोट घालून तिथे उभा राहतो आणि शिकवतो. मे महिन्यातही गळ्याचं बटण लावून. सगळे म्हणतात, ह्यांना फार थंडी वाजते.