चिहारुची बैठक

मंगळवारी सकाळी सव्वासातला हॉस्पिटलमधून फोन आला. चिहारु गेली होती. मी अंघोळीपुरता घरी आलो होतो. आणि शुक्रवारी तिची बैठक होती.

चिहारु जपानमधल्या नागोयाची. शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला आली, इथेच आमची गाठ पडली आणि लग्न झालं. पुढची एकतीस वर्षं ती बुडायला आलेल्या कंपन्यांना सावरायचं कसं ते सांगत फिरली. चौदा कारखाने वाचवले. हा पंधरावा, ब्रेकच्या नळ्या बनवणारा, तीनशे दहा माणसांचा. तो विकायचा की चालवायचा, हे शुक्रवारी नऊ संचालक ठरवणार होते.

तिची रीत एकच. बैठकीआधी प्रत्येकाला एकटं गाठायचं, त्याची तक्रार ऐकायची, आराखडा बदलायचा आणि पुन्हा जायचं. सुरुवातीला इथले लोक हसायचे. मी तिला म्हणायचो, आमच्याकडे लग्नं अशीच जमतात; मामाला आधी विचारलं नाही तर बैठकीत तोच फुगून बसतो. तिला हे फार आवडलं. नव्या कंपनीतून आली की सांगायची, इथला मामा सापडला.

या कंपनीतला मामा म्हणजे डेल, सगळ्यात जुना संचालक. त्याच्याकडे ती सहा वेळा गेली. शेवटच्या खेपेला बर्फ होता, मीच ड्राइव्ह केलं.

बुधवारी कंपनीने विचारलं, बैठक पुढे ढकलायची का. आमची मुलगी अनिका म्हणाली, हो म्हणा. मी म्हणालो, नाही, आराखडा मीच वाचून दाखवतो. शुक्रवारी कोट घालून गेलो, चिहारुच्या खुर्चीत बसलो आणि आराखडा वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर एकच ओळ तीनदा वाचली.

"राजाराम, ठेव ते," डेल म्हणाला. "विकून टाका असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो. माझी अट तिने चौथ्या पानावर घातली आहे."

"माझी सातव्या," शेजारच्या खुर्चीतली संचालिका म्हणाली.

मग एकेकाने आपापलं पान सांगितलं. एकतीस वर्षं तिच्यासोबत राहूनही मी तिथे पटवायला गेलो होतो, आणि पटवायचं कोणी उरलंच नव्हतं. नऊच्या नऊ हात वर झाले.

अनिका बाहेर गाडीत होती. मी लांबूनच नऊ बोटं दाखवली.

"शी डिड इट, बाबा," ती म्हणाली. आम्ही पार्किंगमध्येच हसलो आणि रडलो.

कारखाना चालू आहे. एकाही माणसाची नोकरी गेली नाही. आराखड्याप्रमाणे जूनमध्ये दुसरी शिफ्ट सुरू व्हायची होती. जून उलटून गेला, ती अजून सुरू झालेली नाही.