कौमुदीची तहान

"आंटी, बोलिए ना. इस हफ्ते मन में क्या आया?"

शांताबाईंच्या हाताला नळ्या, शेजारी यंत्राची घरघर आणि समोर सोनियादीदी. रायपुरातल्या त्या डायलिसिस केंद्रात ती दर आठवड्याला पेशंटना मनातलं ओळखायला शिकवायची. कुणी भीती सांगितली, कुणी राग. शांताबाई हळूच म्हणाल्या, "जलन, दीदी. धाकट्या जावेची."

"उनके पास ऐसा क्या है?"

"प्यास."

सगळे हसले. शांताबाईंना हसू आलं नाही.

आज हरतालिका. लग्नापासून कधी न मोडलेला निर्जळी उपास डॉक्टरांनी बंद केला होता, आणि एरवीचं पाणीही घोटावर आणलं होतं. घरी धाकटी जाऊ कौमुदी कोरड्या ओठांनी वाळूच्या पिंडीपुढे बसलेली. दीर तिला वारा घालत होता. शांताबाईंचे यजमान श्यामरावसुद्धा म्हणाले होते, "सोसते बापा पोट्टी!" कौमुदीच्या तहानेचं व्रत झालं. शांताबाईंची तहान नुसतीच तहान राहिली.

"गुस्सा किए बिना उन्हीं को बता दीजिए," सोनिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा झाली आणि कौमुदीनं स्वयंपाकघरात तांब्या उचलून थेट तोंडाला लावला. तिचा गळा वरखाली होताना शांताबाई दारातून बघत राहिल्या. जिवाची नुसती आग झाली.

"कौमुदी, राग नको मानू. मले तुह्या तहानेचा हेवा वाटून राहिला."

तांब्या खाली आला. "मग मी पाणी कुठं पिऊ, ताई? मोरीत?" कौमुदीचा आवाज चिरकला. "तिथंच तं पितो आम्ही सारे, तुमाले दिसू नये म्हणून! भाऊजी तं अंगणातल्या नळाले तोंड लावतात. आज जीव कासावीस झाला, विसरली मी."

जेवताना श्यामरावांच्या ताटाशी पेला नसतो, हे शांताबाईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

हेवा गेला नव्हता. घशात तसाच टोचत होता. त्यांनी पाट सरकवला, माठातून पेला भरला.

"बस. माह्यासमोर पी."

कौमुदी रडत रडत प्यायली. शांताबाई शेवटच्या घोटापर्यंत बघत होत्या. तिच्याबरोबर त्यांचाही कोरडा घसा गिळत होता.

मग त्यांनी दुसरा पेला भरला आणि अंगणाकडे तोंड करून श्यामरावांना हाक मारली.