व्हिएन्नाला येतेस का?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, चारुताच्या बेसमेंटमध्ये साबुदाणावड्यांचा तिसरा घाणा फस्त होत असताना सुलेखा "नको" म्हणाली, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या या मंडळींची आधी ओळख करून द्यायला हवी. चार जोडपी. नवरे सगळे गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनियर, बायकांपैकी कुणी बँकेत, कुणी शाळेत, सुलेखा हॉस्पिटलात फार्मसिस्ट. आता बहुतेक रिटायर झालेली. पस्तीस वर्षांपूर्वी एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भेटली, आणि तेव्हापासून पोरांचे वाढदिवस, गणपती, बर्फात रुतलेली गाडी ढकलणं, सगळं एकत्र. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'अष्टमंडळ'. दोन वर्षांपूर्वी सुलेखाचा नवरा विनय गेला आणि आठाचे सात झाले. ग्रुपचं नाव मात्र कुणी बदललं नाही. ते बरंच केलं, असं सुलेखाला वाटायचं.

तर त्या शनिवारी राजीवनं, म्हणजे चारुताच्या नवऱ्यानं, लॅपटॉप टीव्हीला जोडून व्हिएन्नाचा प्लॅन मांडला होता. ट्रिपांचा मुकादम तोच. ईस्टरचा वीकएंड, गुरुवारी निघायचं, मंगळवारी परत. रंगवलेल्या अंड्यांचे बाजार, जुनी चर्चेस, घोडागाड्या, केक. चारुता चहाचे कप फिरवत सुलेखापाशी आली आणि म्हणाली, "तू येतेयस ना गं व्हिएन्नाला?"

"नको गं," सुलेखा म्हणाली. "माझा गुडघा असा. तुम्ही जाऊन या."

अहो, आपल्यात पहिल्या फटक्यात हो म्हणतं का कुणी? दुसरी पोळी वाढतानासुद्धा आधी नको म्हणायचं, मग वाढणाऱ्यानं "अगं, घे गं" म्हणायचं, पुन्हा नको, मग "माझी शपथ आहे", आणि मग ती पोळी पानात पडायची. सुलेखाची तयारी अगदी पक्की होती. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "बघते, डॉक्टरांना विचारते." तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं बाई, तू एवढं म्हणतेस तर येते." पासपोर्ट तिनं जानेवारीतच रिन्यू केला होता. चालायचे नवे बूटही आणले होते, आणि ते घरातल्या घरात घालून मुरवत होती. गुडघ्याला काही म्हणता काही झालेलं नव्हतं.

चारुता म्हणाली, "बरं." आणि कप घेऊन पुढे गेली.

राजीव लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "वी टोटली रिस्पेक्ट दॅट, सुलेखा. म्हणजे सहाजण. तीन खोल्या, एक व्हॅन. परफेक्ट."

सुलेखा वड्याबरोबरची चटणी चाटत बसली. तिला वाटलं, निघताना दारात विचारतील. दारात चारुतानं उरलेले वडे डब्यात घालून दिले आणि रस्त्यावर बर्फ आहे, जपून जा म्हणाली. मग वाटलं, फोन करतील. पुढचे सहा आठवडे फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. एकदा चारुताचा फोन आलाही. "तू इथंच आहेस ना ईस्टरला? मग आमची किल्ली ठेवशील? तुळशीला पाणी घालायला." तिचं ऐकून बाकीच्या दोघींनीही किल्ल्या आणून दिल्या. सुलेखानं तिन्ही घेतल्या, हसून घेतल्या, आणि दार लावल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून रडली.

सिएटलच्या मुलाला, शिवला, तिनं हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण आई, त्यांनी आस्क केलं, तू नो म्हणालीस. व्हॉट्स द इश्यू?"

"असं नसतं रे ते."

"मग कसं असतं?"

आता ते कसं असतं, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं विषय बदलला. पण मनातल्या मनात तिनं मैत्रिणींना माफही करून टाकलं होतं. चाळीस वर्षं या देशात राहून आग्रहाची रीत विसरल्या असतील बिचाऱ्या, असं ती स्वतःला समजावत होती. इथं नो म्हणजे नो. त्यांचा तरी काय दोष? या एका समजुतीवर तिनं ते सहा आठवडे काढले.

गुड फ्रायडेपासून फोटो यायला लागले. फांद्यांना टांगलेली रंगीत अंडी. राजवाड्यासमोर सहाजण. केकच्या दुकानात सहाजण. सुलेखा सकाळी गाडी काढायची, एकेक घर उघडायची, झाडांना पाणी घालायची, टपाल गोळा करायची. दुसऱ्यांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून ती त्यांचेच फोटो बघायची आणि प्रत्येक फोटोला लाइकचा अंगठा द्यायची. शनिवारी दिवसभरात ती एका माणसाशी बोलली, आणि तो ग्रोसरीच्या दुकानातला काउंटरवरचा मुलगा होता. आपण आत्ता पडलो तर मंगळवारपर्यंत कुणाला कळायचंही नाही, हा विचार तिला तिथं पार्किंगमध्ये आला आणि ती घाबरली.

रविवारी ईस्टर. सकाळी आठला ती चहा घेत असताना चारुताचा फोन आला. तिकडे दुपारचे दोन वाजले होते.

"सुलेखा, अगं, सगळं गाव बंद आहे! एक दुकान उघडं असेल तर शपथ. उद्याही सुट्टी आहे म्हणे. आमचे ठेपले काल संपले. त्यात राजीवचा डायबेटिस, त्याला वेळेवर खायला लागतं. दूध नाही, फळ नाही, काही नाही."

"रिसेप्शनवर विचारा की."

"कसलं रिसेप्शन! राजीवनं ते कोड दाबून उघडायचं अपार्टमेंट घेतलंय. माणूसच नाही तिथं. आणि सगळ्यांचे फोन काहीतरी वेगवेगळंच दाखवतायत."

"मोठ्या रेल्वे स्टेशनवर जा," सुलेखा म्हणाली. "हाउप्टबानहोफ म्हणतात त्याला. तिथलं सुपरमार्केट रविवारीही चालू असतं. आजचंच आणू नका, उद्याचंही घेऊन ठेवा."

चारुता म्हणाली, "तुला कसं माहीत?"

"वाचलं होतं."

"कधी?"

"जानेवारीत. राजीवनं ग्रुपवर पहिल्यांदा व्हिएन्ना म्हटलं तेव्हा."

"पण तुला यायचंच नव्हतं, तर वाचलंस कशाला?"

सुलेखानं कप खाली ठेवला. इतके दिवस गिळलेलं आता तिच्यानं गिळवेना. "यायचं होतं गं मला," ती म्हणाली. "खूप यायचं होतं. गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या. तू एकदाच विचारलंस, चारुता. आणखी एकदा विचारलं असतंस तर आले असते मी."

पलीकडे ट्रामची घंटा वाजली.

"माहीत होतं मला," चारुता म्हणाली.

"काय?"

"राजीव आधीच म्हणाला होता, एकदा विचार, नाहीतर वाईट दिसेल. पण दुसऱ्यांदा विचारू नकोस, ती हो म्हणेल." चारुता भराभर बोलत सुटली. "मागच्या ट्रिपला तू आमच्याच खोलीत होतीस ना. तू रडायचीस. विनयचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे. सगळ्यांचं म्हणणं पडलं की एकदा तरी मोकळेपणानं हसून येऊ. मी भांडायला हवं होतं गं. नाही भांडले. त्या शनिवारी चहाच्या किटलीशी उभी राहून मनात ठरवत होते, एकदाच विचारायचं, एकदाच."

म्हणजे विसरलं कुणीच नव्हतं. चाळीस वर्षांत कुणीही, काहीही विसरलं नव्हतं. सुलेखाला राग यायला हवा होता, पण तिला नुसतं थंड वाटलं. तिनं स्वेटरची बटणं लावली. रडायचे मी, हे खरं, असं तिच्या मनात आलं. पण मी उशीत तोंड खुपसून रडायचे, आणि मला वाटायचं, ही झोपलीय.

"तू आता बोल काहीतरी," चारुता म्हणाली.

"स्टेशनवर जायला निघा. त्याला खायला लागतं ना वेळेवर."

"ते जाऊ दे. ऐक. सप्टेंबरात आपण जाऊ. तू आणि मी, दोघीच. लिस्बनला जाऊ, जिथं म्हणशील तिथं. येशील ना?"

"नको गं."

"असं नको म्हणूस. राजीवला नाही विचारायचं, कुणालाच नाही विचारायचं. तिकिटं मी काढते. ये ना."

"नको."

"सुलेखा, माझी शपथ आहे तुला. माझ्या गळ्याची शपथ. तू आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही बघ. येशील ना?"

हाच तो आग्रह. सहा आठवडे सुलेखानं ज्याची वाट पाहिली, तो शब्द न् शब्द तसाच, शपथेसकट आला होता. तिनं नीट ऐकून घेतला. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"नको, चारुता," ती म्हणाली.

चारुता तिला पस्तीस वर्षं ओळखत होती. सुलेखाचं कुठलं नको खरं आणि कुठलं खोटं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही.