जाळं अजून पाण्यात आहे

सुचिता दाखला सांगायला उभी राहिली की आख्खी वाडी कान देऊन ऐकायची. खाडीकाठच्या त्या ख्रिस्ती वाडीत फादर महिन्यातून दोनच रविवार यायचे. उरलेल्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना घ्यायची आणि येशूच्या दाखल्याचा, म्हणजे त्यानं सांगितलेल्या बोधकथेचा, अर्थ उलगडायचा तो सुचितानं. या खेपेला आला होता जाळ्याचा दाखला. समुद्रात जाळं टाकलं, त्यात सगळ्या जातीचे मासे आले. जाळं भरल्यावर काठावर ओढलं, चांगले मासे भांड्यात भरले, वाईट फेकून दिले. दाखला वाचला आणि सुचिताबाईंनी मनाशी पक्कं केलं, आता पास्कूला सोडायचा नाही.

पास्कू तिचा धाकटा भाऊ. आई गेली त्या दिवशी हा पठ्ठ्या जेटीवर दारू पिऊन आडवा पडला होता. आईच्या पेटीला खांदा द्यायलाही उठला नाही. तेव्हापासून सहा वर्षं सुचिता त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. गेले चार महिने त्यानं बाटलीला हात लावला नाही, असं लोक सांगायचे. आता तर तो दर रविवारी येऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसायचा. त्याला बघितलं की सुचिताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. फेकायचा मासा कसा असतो, हे ती सगळ्यांदेखत त्याच्याकडे बघून सांगणार होती. मग येतो का पुन्हा, बघू.

शनिवारी सकाळी ती वेणूबाईबरोबर मासळी निवडायला बसली. वेणूबाई शेजारच्या कोळीवाड्यातली, सत्तरी ओलांडलेली. तिचे देव वेगळे, चर्चची पायरी ती कधी चढली नव्हती. पण मासळी निवडावी तर तिनंच, बाबा. एवढा ढीग पुढ्यात ओतला तरी घाई नाही, वैताग नाही. एकेक मासा उचलायची, उलटून पालटून बघायची आणि मगच बाजूला ठेवायची. सुचितानं चिखलानं माखलेले चार बोंबील टाकाऊत भिरकावले. म्हातारीनं ते चारही परत आणून पाण्यात खळबळून धुतले. तीन अगदी ताजे निघाले.

"ध्यान कुठं हाय तुजं, बाय?" वेणूबाईनं विचारलं.

सुचितानं दाखला सांगितला. उद्या पास्कूला काय ऐकवणार तेही सांगून टाकलं. वेणूबाईपासून लपवायचं तरी काय?

"निवडतंय कोन त्यात?" वेणूबाई म्हणाली.

"देवदूत. जगाच्या शेवटी."

"म्हंजे जाळं काठाला लागल्यावर."

"हो."

"मग बरोबर सांगितलंय तुज्या देवानं. दर्याची मानसं असनार त्याच्याजवळ." तिनं आणखी एक मासा उचलला. "जाळं पान्यात असताना कोन निवडत न्हाय गो. आनि माशानं माशाला निवडायचं, असं तर कुटंच न्हाय. तू नि तुजा भाव अजून पान्यातच हाव ना?"

एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली. सुचिताचे हात मात्र थांबले. हा दाखला तिनं आजवर वीसेक वेळा तरी सांगितला असेल, आणि दर वेळी स्वतःला निवडणाऱ्यांत धरून. आपणही जाळ्यातच आहोत, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. तिला लाज वाटली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या म्हातारीच्या पाया पडावं, असंही वाटलं. पण वेणूबाईला असलं काही खपायचं नाही, म्हणून ती गुमान मासे धुवायला लागली.

रविवारी सुचितानं दाखला वाचला आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं. शेवटच्या बाकावर पास्कू खाली मान घालून बसला होता.

"या जाळ्यात सगळ्या जातीचे मासे आहेत," ती म्हणाली. "आज कोणालाच बाहेर काढलेलं नाही. निवडायचं काम देवाचं आहे. मी सहा वर्षं ते माझं समजत होते."

ती वेदीपासून खाली उतरली आणि बाकांमधून चालत थेट दाराकडे निघाली. सगळ्यांच्या माना वळल्या. ताई आपल्याला हाकलायला येतेय असं समजून पास्कू आधीच उठून उभा राहिला होता.

"सरक जरा," सुचिता म्हणाली.

तो सरकला. ती त्याच्या शेजारी टेकली आणि दाखल्याचा उरलेला अर्थ तिनं तिथूनच सांगितला.