सतरा नंबरचं रबर

मी फ्रिज बोलतोय, सरावलीतल्या भगवंतच्या खोलीतला. मधेच घरघरलो तर दचकू नका, माझं हसणं तसंच आहे. शिक्षण म्हणाल तर खोक्यावर छापलं होतं तेवढंच: ‘ही बाजू वर.’

जन्म थायलंडचा. पोटातला कॉम्प्रेसर चीनचा. थायलंडच्या कारखान्यातल्या एका पोरीनं दाराला रबर बसवलं, माझ्याकडे न बघताच ‘ओके’चा कागद चिकटवला आणि जेवायला पळाली. मग बोटीतून न्हावाशेवा, टेम्पोतून बोईसर. दुकानात शेजारी एक देशी भाऊबंद उभा होता. भगवंतनं त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. “आपल्याकडचा माल नको. मी स्वतः कारखान्यात आहे, मला विचारा!”

हा भगवंत लातूरकडचा. तारापूरच्या एमआयडीसीत रबराच्या कंपनीत माल तपासतो. मला त्यानं उभं केलं ते बाहेरच्या खोलीत. पाहुणा आला की आधी माझं दार उघडून दाखवणार, मग पाणी विचारणार.

माझ्या पोटात खरी मोलाची वस्तू एकच: त्याच्या आईची, साखरबाईची, इन्सुलिनची बाटली. मी रात्रंदिवस राबत होतो, पण गारवा दाराच्या फटीतून निसटायचा. दोन महिन्यांत म्हातारी चक्कर येऊन पडली. साखर चारशेवर. डॉक्टर म्हणाले, “औषध गरम होऊन वाया गेलंय.”

उमरोळीचा कमलेश मेकॅनिक आला. दारात पेपरची पट्टी अडकवून त्यानं ती ओढली. लोण्यातून निघावी तशी निघाली. मग रबर उपटून उलटं केलं आणि खो खो हसला.

“काका, यावर तारापूर छापलंय! तुमच्याच कंपनीचं हाय. आनी हा सतरा नंबरचा शिक्का कोनाचा?”

माल तपासल्याचा तो शिक्का भगवंतचाच.

“सांग की रं,” साखरबाई म्हणाली.

“शनिवारी कंटेनर निघायचा असतो, आई. ढीग पडलेला असतो, मारत सुटतो शिक्के. परदेशात जाणारा माल, तिथं कोण बघतंय...”

“मी बघितलं की. आडवं पडून.”

पुढच्या शनिवारी भगवंत पडल्या चेहऱ्यानं आला. दोनशे रबरं त्यानं नापास केली होती. कंटेनर अडला, प्रताप सुपरवायझरनं त्याला सगळ्यांसमोर झापलं.

“सोमवारी नोकरी राहते का बघायचं,” तो म्हणाला.

“कुठं चालली हुती ती रबरं?”

“व्हिएतनामला.”

“तिथं बी कुणाची तरी आई असंल. जेव आता.”

सोमवारचं मलाही ठाऊक नाही. माझं एवढंच मागणं, कुठल्याही देशातल्या साहेबांनो: शिक्का मारण्याआधी डोळे उघडा, हात आपोआप सावकाश चालेल. येतो मी. माझ्या दाराला कमलेशनं नवं रबर बसवलंय. म्हातारी सकाळी दोन्ही हातांनी दार ओढून उघडते, नवी बाटली काढून गालाला लावते आणि स्वतःशीच म्हणते, “गार हाय.”