ब्रेकमध्ये आलेला भाचा

"आला! आला!" शेडबाहेर जमलेली तीस-चाळीस माणसं एकदम ओरडली आणि माझं डोकंच सणकलं.

ट्रॅकवरून माझ्या भाच्याची शर्यतीची गाडी येत होती. चालवत होता माझा दादा, म्हणजे भाच्याचा बाप. शेजारी डोळे मिटून स्पंदन महाराज. भाचा जाऊन दोन महिने झाले होते. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेला, चोवीस वर्षांचा पोरगा.

महाराजांच्या गळ्यात माइक आणि शेडवर कर्णा. "बाळा, असशील तर बापाच्या पायाला स्पर्श कर!" कर्णा घुमला. दादाने भरवेगात ब्रेक दाबला. पेडल थरथरलं, स्टीअरिंग थरथरलं. "हो म्हणाला!" बायका डोळे पुसू लागल्या.

'नाही' हवं असलं की महाराज आधी म्हणायचे, "हळू घे, पोराला दमवू नकोस." गाडी रांगायला लागली की ब्रेक गपगार.

"बाळा, आत्याने ब्रेकला हात लावलेला चालेल?" गाडी रांगत होती. "नाही म्हणतोय! रविवारी बहीण शर्यतीत उतरेल आणि ब्रेक तिचा भाऊच सांभाळेल!"

ती आत्या मी. ट्रॅकवरचं गॅरेज माझं. वा रे वा, माझ्याच गॅरेजात मला बंदी!

ती बहीण, म्हणजे माझी भाची, माझ्याजवळ आली. "आत्या, वेगात पेडल असं नाचतं की पाय ठरत नाही. मला भीती वाटते गं."

"मग सांग ना बापाला."

"कसं सांगू? हे सुरू झाल्यापासून पप्पा दोन घास जेवायला तरी लागलेत."

पण नवे ब्रेक पॅड मीच बसवले होते आणि थरथर त्यानंतरच सुरू झाली होती. म्हणजे भाच्याला यायला नेमका माझाच मुहूर्त सापडला?

शनिवारी सकाळी कुणी यायच्या आत मी त्या गाडीच्या पुढच्या चाकांमधल्या दोन्ही डिस्क, म्हणजे ब्रेक दाबला की पॅड ज्यांना आवळतात त्या लोखंडी चकत्या, पॅडसकट काढल्या आणि गॅरेजातल्या सरावाच्या गाडीला लावल्या. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या. तिच्या डिस्क आणि पॅड भाच्याच्या गाडीला. मग गर्दी जमली.

"बाळा, आहेस ना?" दादाने ब्रेक दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली.

"रुसलाय पोरगा! आत्याचा हात लागला!" महाराज गरजले.

"लागला की," मी म्हटलं. "दादा, आता सरावाच्या गाडीत बस."

एक फेरी मारून दादा परत आला तो पांढराफटक पडून. तीच थरथर.

"काय महाराज, भाच्याचा पत्ता चुकला का?"

"आत्मा मायेपोटी कुठेही संचारतो, बाई."

"दहा बोल्ट सोडले की आत्मा दुसऱ्या गाडीत बसतो होय? मग तुमच्यापेक्षा मीच मोठी महाराज!"

लोक खो खो हसले. दादा हसला नाही.

ब्रेक निवल्यावर मी सरावाच्या गाडीचं चाक उतरवलं. चकचकीत डिस्कवर एक काळपट डाग होता. त्यावर पॅड टेकवला. तंतोतंत बसला.

"हे बघ दादा. नवा पॅड लावला की आधी वेगातून थोडं थोडं ब्रेक मारत, पूर्ण न थांबता, त्याचा पातळ थर डिस्कभर सारखा बसवावा लागतो. तापलेला ब्रेक दाबून उभं राहिलं की एकाच जागी छाप उमटते. मग चाकाच्या दर फेरीला ती छाप पॅडखाली येते आणि पेडल हिसका देतं. गाडी रांगत असली की तो जाणवत नाही." मला पुढचं विचारवेना, पण विचारलं. "पॅड बदलले त्या दिवशी गाडी तू नेली होतीस. कुठे थांबला होतास?"

"शेवटच्या वळणावर," दादा म्हणाला. "दोन फेऱ्या जोरात मारल्या, त्याच्यासारख्या. मग रडू आलं. पाय तसाच ब्रेकवर ठेवून बसलो होतो."

"किती वेळ?"

"काय माहीत."

तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून थांबायचं नाही, हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. दादा ड्रायव्हर नव्हता. किल्ली देताना मीच सांगायचं विसरले, कारण मीही रडत होते.

"म्हणजे तो नव्हता?"

"नाही रे दादा. तुझाच पाय होता."

तो तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने लहान मुलासारखा हंबरडा फोडला. भाचीने त्याला कवटाळलं. महाराज कर्णा उचलून केव्हाच पसार झाले होते.

डिस्क घासून, पुसून मी मूळ गाडीला लावल्या, नवे पॅड बसवले. मी सांगितल्याप्रमाणे भाचीने थर बसवला, गाडी न थांबवता निववली आणि मग वेगात ब्रेक मारला. पेडल शांत. दादा कठड्याशी उभा राहून बघत होता. रात्री तो जेवला नाही. त्याचा मुलगा दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी माझ्यामुळे, हे मला कळतं आणि फार वाईट वाटतं.

तरी सांगते. गेलेला माणूस यंत्रात येत नाही. यंत्र थरथरलं तर चाक उघडून बघा, कारण आत जिवंत पोरगी बसणार असते. आणि घरात कुणी दुःखात बुडालं असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. दोन महिने आम्ही कुणी दादाजवळ बसलो नाही, म्हणून महाराज बसला.