डाव्या कोपऱ्यातले आजोबा

आजोबा त्र्याण्णव वर्षं जगले आणि त्यातली निदान सत्तर वर्षं त्यांनी छंदांमागे घालवली. उरलेल्या वेळात त्यांनी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी केली, दोन मुलगे वाढवले आणि आजीची बोलणी खाल्ली. बोलणी खाणं हा छंद नव्हता, पण त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी आजीने फर्मान काढलं. रविवारी त्यांच्या आठवणीसाठी सगळे घरी जमणार होते.

"या भिंतीवर फोटो हवा. यांच्या एकट्याचा नको, माझ्याबरोबरचा," ती म्हणाली. "सहासष्ट वर्षांचा संसार झाला. दोघांचा एक फोटो नसावा?"

"असेल की! एक्केचाळीस अल्बम आहेत घरात," असं म्हणून काकाने चप्पल घातली आणि तो पसार झाला.

काम माझ्या गळ्यात पडलं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. करडी, धूसर चित्रं डोळे बारीक करून बघणं हाच माझा धंदा, तेव्हा हे मलाच जमेल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ज्याच्यावर काम टाकायचं त्याला विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

मी एक्केचाळीस अल्बम पाहिले. आजी समुद्राजवळ. आजी शिवणयंत्रावर. आजी तोंड उघडून, म्हणजे फोटो काढणाऱ्याला झापताना. असे तर चार अल्बम भरले होते. आजोबा कुठेच नव्हते. कारण छंद शंभर आले आणि गेले, फोटोचा तेवढा शेवटपर्यंत टिकला आणि कॅमेरा त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. पुढे फोन आले तेव्हाही तेच. मी फोन उचलला की "दे इकडे, मी काढतो, तू आजीशेजारी उभी राहा." माझ्या फोनमध्ये आजोबांचे अकरा फोटो आहेत आणि अकराही फोटोंत माझ्या दिशेने येणारा एक तळहात आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक फोटोत होती. खाली, डाव्या कोपऱ्यात, आजोबांचा अंगठा. कॅमेरा धरताना तो भिंगापुढे यायचा. घरात हा जुना विनोद होता आणि आजीचा जुना संताप. "साठ वर्षं झाली, एक बोट आवरता येत नाही यांना!" रोल धुऊन आला की हे वाक्य ठरलेलं.

पहिल्या दिवशी मला त्या अंगठ्याचा वैताग आला. दुसऱ्या दिवशी मी तो वाचायला लागले. सातव्या अल्बममध्ये अंगठा दुपटीने मोठा, म्हणजे मधमाश्या पाळण्याची दोन वर्षं. नवव्यात पिवळा हातमोजा, म्हणजे मधमाश्यांबद्दल अक्कल आलेली. बाराव्यात त्याच्यामागून लाल रुमालाचं टोक डोकावतं, ते जादूचे प्रयोग. (त्यांनी काकाचं घड्याळ गायब केलं होतं. ते अजून गायब आहे.) सोळाव्यात निळा, ते कापड रंगवणं. आमच्या सगळ्यांच्या चादरी त्या वर्षी निळ्या झाल्या आणि त्यावर झोपणारेही. विसाव्यात अंगठ्याला एक चौकोनी काहीतरी चिकटलंय. मी भिंगातून पाहिलं, ते पोस्टाचं तिकीट होतं. सदतिसाव्यापासून मात्र सगळीकडे पांढरं बँडेज, म्हणजे सुतारकाम.

त्या सुतारकामाची मी साक्षीदार आहे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पक्ष्यांसाठी घर ठोकताना त्यांनी अंगठा ठोकला आणि तो थेट माझ्या मशीनखाली आला.

"बटण मी दाबू का?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, हलू नका."

"बरं. पण नीट काढ. आणि मला एक घरी न्यायला दे."

फ्रॅक्चर नव्हतं. फिल्म ते मोठ्या कौतुकाने घेऊन गेले आणि कपाटात चादरीखाली ठेवली. म्हातारपणी माणूस काहीही जपतो, असं मला वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी आजीपुढे हात टेकले. काका आला होता, त्याने ऑफिसचं जुनं ओळखपत्र काढलं. त्यातल्या फोटोत आजोबा नेमके शिंकत होते. मग त्याने माळ्यावरून आजोबांनी स्वतःच रंगवलेलं स्वतःचं तैलचित्र आणलं. बटाट्याला चष्मा लावल्यासारखं ते दिसत होतं.

"याच्याशी मी लग्न केलंच नसतं," आजी म्हणाली आणि उठून आत गेली. येताना तिने लग्नाचा फोटो आणला.

हा फोटो आम्हाला पाठ होता. त्यात नवी नवरी आजी ताठ उभी आहे आणि शेजारी एका माणसाची रिकामी जागा आहे. फोटोग्राफरकडे शेवटची फिल्म उरली होती. त्याला कोन जमत नाही असं नवरदेवाचं मत पडलं. "थांबा, मी दाखवतो," म्हणत नवरदेव कॅमेऱ्यामागे गेले आणि दाखवता दाखवता त्यांनी बटण दाबलं. फोटोचा छंद लागला तो तिथे.

"याच्यात जन्मभर एकटी उभी आहे मी," आजी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "लोक विचारायचे, नवरा पळाला का? आणि आता तर खरंच..."

 मी फोटो तिच्या हातातून घेतला.

शनिवारी मी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. आजोबांचे रोल धुण्यात स्टुडिओवाल्यांची पंचेचाळीस वर्षं गेली होती. शिंकणारं डोकं लग्नाच्या फोटोत बसवता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला आणि मान हलवली.

"खुळचट दिसेल हो. त्यापेक्षा अंगठ्यावाला एखादा लावा ना. ते सगळे दोघांचेच आहेत."

"दोघांचे कसले?" आजी म्हणाली. "धड कॅमेरा धरता यायचा नाही यांना."

"छे! चांगला धरता यायचा. माझ्याकडे पहिला रोल आला तेव्हाच मी सांगितलं, साहेब, अंगठा येतोय, हात असा धरा. तर म्हणाले, येऊ दे. लग्नाच्या फोटोत बायको एकटी राहिली, ती चूक माझी. आता एकाही फोटोत तिला एकटी ठेवणार नाही." ते ओशाळले. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

पासपोर्ट फोटोसाठी जे गोल स्टूल असतं त्यावर आजी मटकन बसली.

"मला का नाही सांगितलं?" तिने मलाच विचारलं. "सांगितलं असतं तर मी ओरडले नसते." मग स्वतःच म्हणाली, "ओरडले असते. लबाड कुठले!"

आणि ती रडायला लागली. मीही रडले. काय करावं ते न सुचून स्टुडिओवाल्यांनी पंखा लावला, तर काउंटरवरचे सगळ्यांचे पासपोर्ट फोटो उडाले आणि आम्ही तिघं रडत, हसत, परक्या माणसांची तोंडं गोळा करत जमिनीवर रांगलो.

"मला हाच फोटो लावायचाय," लग्नाचा फोटो पुढे करत आजी म्हणाली. "यातच यांचा अंगठा बसवा."

"पण अल्बममधले सगळे अंगठे धूसर आहेत," स्टुडिओवाले म्हणाले.

"धूसर नको. साठ वर्षं धूसरच बघितलाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत घरी गेले, चादरीखालून ती एक्स-रेची फिल्म काढली आणि धावत परत आले. स्टुडिओवाल्यांनी ती दिव्यासमोर धरली. आजोबांचा अंगठा, हाडासकट, लख्ख. आयुष्यात एकदाच ते कॅमेऱ्यासमोर न हलता बसले होते, आणि बटण मी दाबलं होतं.

स्टुडिओवाल्यांनी लग्नाचा फोटो मोठा करून घेतला, कडेने अंगठा कापला आणि रिकाम्या जागेत उभा करून पाहिला. तो आजीच्या जेमतेम खांद्याला लागला.

"छोटा दिसतोय का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तेवढेच होते ते."

आजीने पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ निरखून पाहिलं. मग तिचा आवाज पहिल्यासारखा चढला.

"मधे एवढी जागा कशाला सोडलीत? जवळ घ्या त्यांना!"